उमरीकर सरांच्या तोंडी घातलेला आकडा

रेणुकादास उमरीकर गेल्याची बातमी पेपरात आली, तेव्हा तीत त्यांचं नाव तेवढं बरोबर होतं. बाकीचा मजकूर लिहिणाऱ्याने सढळ हाताने वाढला होता. ज्ञानतपस्वी, मराठवाड्याचे भूषण, त्र्याण्णवच्या भूकंपात शेकडोंना ढिगाऱ्यातून ओढून काढणारा देवमाणूस. सरांना दमा होता. भूकंपानंतर ते लातूरच्या कॉलेजची मुलं घेऊन गेले होते ते धान्याची पोती उतरवायला, आणि तीही मुलांनीच उतरवली. देविकाने, म्हणजे त्यांच्या मुलीने, एवढं सगळं सोडून दिलं असतं. गेलेल्या माणसाला दोन बोटं उंच करून दाखवायची रीतच आहे. पण शेवटी छापलं होतं: ‘केंद्रीय विद्यापीठातला दर चौथा विद्यार्थी मराठवाड्याचा असतो आणि याचं श्रेय बसवंत सरांच्या क्लासेसना आहे, असे उमरीकर सर अभिमानाने सांगत.’

देविकाने ते दोनदा वाचलं आणि गिळून टाकलं, कारण आई बघत होती. आईने त्या मजकुराचं कात्रण चौफेर नीट कापून लॅमिनेट करून आणलं होतं.

ज्या विद्यापीठाबद्दल हे लिहिलं होतं, ते लांब दुसऱ्या राज्यात. सरांनी तिथे डॉक्टरेट केली, मग जन्मभर लातूरला संख्याशास्त्र शिकवलं आणि निवृत्त होऊन नांदेडला राहायला आले. निवृत्तीत लोक बाग करतात, सत्संगाला जातात. सरांनी एका ऑनलाइन ज्ञानकोशातलं आपल्या विद्यापीठाचं पान सांभाळायला घेतलं. त्या ज्ञानकोशात कुणीही लिहू शकतं, आणि त्यामुळे कुणीही लिहितं. विद्यापीठाचा वार्षिक अहवाल आला की सर विद्यार्थ्यांची संख्या, प्राध्यापकांच्या भरलेल्या जागा, विभागांची नावं पानावर दुरुस्त करत आणि खाली अहवालाचा पृष्ठक्रमांक देत. तिथे त्यांनी ‘मोजणीदार’ असं नाव घेतलं होतं. खरं नाव का नाही, असं देविकाने विचारलं तेव्हा म्हणाले, “नाव दिलं की माणसं आकडा सोडून नावाशी भांडतात.”

केंद्रीय विद्यापीठांसाठी देशभर एकच प्रवेश परीक्षा सुरू झाली आणि तोवर डॉक्टर-इंजिनिअरांवर पोसलेल्या लातूरच्या क्लासवाल्यांना नवं शिवार मिळालं. त्यांतल्या बसवंत सरांनी नांदेडलाही शाखा काढली. स्टेशनपासून विष्णुपुरीपर्यंत त्यांचे फ्लेक्स लागले आणि त्या सुमारास ज्ञानकोशातल्या पानावर ते ‘दर चौथा विद्यार्थी’ वाक्य उगवलं. सरांनी ते काढलं, कारण लिहिलं, ‘संदर्भ नाही.’ वाक्य परत आलं. सरांनी परत काढलं. चिडणं नाही, टोमणा नाही. जेवायच्या आधी हात धुवावेत तसं.

हा स्वभाव त्यांना भूकंपाने दिला होता. पोती उतरत असताना एका गावात एक वार्ताहर आला आणि किती गेले म्हणून विचारू लागला. पारावरच्या म्हाताऱ्याने घरं आठवत आठवत आकडा सांगितला. वार्ताहराने तो ओढून पुढच्या शेकड्यापर्यंत नेला. सर म्हणाले, “वरची माणसं कुठल्या घरातली?” वार्ताहर हसला. घरी येऊन सर दोन दिवस नीट जेवले नाहीत. देविका तेव्हा शाळेत होती. बाबा मेलेल्यांसाठी रडतात, असं तिला वाटलं होतं. ते आकडा भरायला मारलेल्या, न मेलेल्या माणसांसाठीही रडत होते, हे कळायला तिला फार पुस्तकं वाचावी लागली.

बाराव्याला बसवंत सर स्वतः आले. सोबत सरांचा चौकटीतला मोठा फोटो, फोटोखालच्या पट्टीवर क्लासचा फोन नंबर.

“बातमी वाचली का, ताई? पाव पान घेतलं सरांसाठी. आपलं दैवत होतं ते.”

“वाचली. दर चौथा विद्यार्थी, असं बाबा तुम्हाला कधी म्हणाले?”

“शब्दानं नसतील म्हणले. पण भावना तीच होती की त्यांची.”

“आकड्याची भावना?”

“हाव! आम्ही पोरांना तेच तर शिकवून राहिलो. पॉझिटिव्ह ऱ्हावा म्हणून.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “आता ज्ञानकोशातबी पक्कं बसलं बघा. आधी तिथं कोण एक उपटसुंभ होता. मोजणीदार म्हणून. आमचं लिहिलेलं सारखं खोडायचा. लई तरास दिला. आता गप हाय. मेला का काय, कुणास ठाऊक.”

आई पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थांबली.

“हो,” देविका म्हणाली. “गेले. मोजणीदार म्हणजे बाबा.”

बसवंत सरांनी चहाचा कप खाली ठेवला. शरम वाटायला तेवढा वेळ पुरतो, म्हणून देविका थांबली. मग त्यांचे डोळे खरोखरच भरून आले.

“बघा!” ते म्हणाले. “म्हंजे सरांचं आमच्याकडं किती बारीक लक्ष होतं! ताई, वर्षश्राद्धाला आपण पुरस्कारच काढू. मोजणीदार पुरस्कार. दर साली.”

ते गेल्यावर आई म्हणाली, “माणूस वाईट नाही. रडला तरी.”

देविकाने त्या दुपारी पान उघडलं. वाक्य होतं. त्याच्या शेपटाला आता संदर्भही होता: तीच श्रद्धांजली. इतकी वर्षं त्या थापेला पुरावा नव्हता. बाबा गेले आणि पुरावा मिळाला. ज्याने ती खोडली, त्याचंच नाव तिच्याखाली साक्षीदार म्हणून लागलं होतं. हे मात्र देविकाला सोडून देता येईना.

तिने वाक्य काढलं. घटकेत कुणी तरी परत लावलं. हा त्या ज्ञानकोशाचा एक स्वयंसेवक संपादक. त्याचं गाव-नाव कुणाला माहीत नाही, पण नियम तोंडपाठ. ‘संदर्भासहित मजकूर काढू नये.’ तिने वार्षिक अहवाल दाखवला. अख्ख्या महाराष्ट्रातून आलेली मुलं दहात एक भरत नव्हती. मग एकट्या मराठवाड्याची चारात एक कुठून? संपादकाचं उत्तर आलं: ‘अहवालात मराठवाड्याचा वेगळा उल्लेख नाही. आपण काढलेला निष्कर्ष हे आपले स्वतःचे संशोधन आहे. ते येथे चालत नाही.’ शाळेतल्या पोराला येणाऱ्या गणिताला संशोधनाचा मान मिळालेला पाहून देविकाला हसू आलं. मृत व्यक्ती माझे वडील आहेत, असंही तिने लिहून पाहिलं. उत्तर आलं: ‘हितसंबंध जाहीर केल्याबद्दल आभार.’

मग ती लातूरला पेपरच्या कचेरीत गेली. तिथले प्रमुख माणिकप्पा कधी काळी सरांचेच विद्यार्थी. त्यांनी खुर्ची दिली, हळहळ व्यक्त केली, आणि काम ऐकून चष्मा काढला.

“खुलासा? श्रद्धांजलीचा?”

“त्यातलं वाक्य खोटं आहे.”

“ताई, श्रद्धांजलीत खरं काय असतं? उद्या समदेच खुलासे मागतील. ‘आमचा बाप मनमिळाऊ नव्हता, दुरुस्ती छापा.’ मग आम्ही पेपर काढायचा का नाही?”

“पण तुम्ही छापलंत.”

“आम्ही न्हाई. जाहिरात विभागानं.” त्यांनी जुना अंक काढून पुढे टाकला. “हे बघा, पानाच्या डोक्यावर लिहिलंय. प्रायोजित.”

लिहिलं होतं, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात. आईच्या कात्रीने कात्रण चौकोनी करताना तेवढीच पट्टी उडाली होती. देविकाने त्या पानाचा फोटो घेतला.

“लईच वाटत असंल तर जाहीर प्रगटन द्या,” माणिकप्पा म्हणाले. “लोक नाव बदललेलं देतात, पोरगं ऐकत न्हाई म्हणून देतात, जमिनीचं देतात. तुम्ही आकड्याचं द्या.”

ते थट्टेत म्हणाले. देविकाने तिथेच कागद मागितला.

‘याद्वारे तमाम लोकांस कळविण्यात येते की, माझे वडील कै. रेणुकादास उमरीकर यांच्या तोंडी या दैनिकात जो आकडा घालण्यात आला, तो त्यांनी कधीही सांगितलेला नाही. सदर आकड्याशी त्यांचा संबंध नव्हता व नाही. त्यांच्या नावावर कोणी सदर आकड्याचा व्यवहार केल्यास तो आमच्यावर बंधनकारक राहणार नाही.’

बिलोलीच्या एका शेतजमिनीची खरेदी आणि एका माणसाचं बदललेलं आडनाव यांच्या मधोमध ते छापून आलं. सकाळीच महानंदा आत्याचा बिलोलीहून फोन.

“देविका, कसला आकडा गं? दादा मटका खेळत होता की काय?”

“नाही, आत्या. विद्यापीठाच्या मुलांचा आकडा.”

“मुलांचा म्हणजे? मुलांना खेळवत होता?”

आईने फोन हातातून घेतला, नणंदेची कशीबशी समजूत घातली आणि मग देविकाकडे वळली. “जन्मभर सुपारीचं खांड खाल्लं नाही त्यांनी. तुझ्या खऱ्यापायी मटकेवाले झाले. काय मिळालं?”

देविकाला जे हवं होतं ते संध्याकाळी मिळालं. तिने प्रगटन त्या संपादकाकडे पुरावा म्हणून पाठवलं होतं, आणि तो ते फेकून देणार, याची तिला खात्री होती. त्याचं उत्तर आलं: ‘पैसे भरून छापलेला मजकूर संदर्भ म्हणून ग्राह्य नाही. अपवाद नाही.’ तेच तिला त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. तिने आभार मानले आणि श्रद्धांजलीच्या अख्ख्या पानाचा फोटो पाठवला, डोक्यावरच्या शब्दासह. मग वाक्य गेलं, संदर्भ गेला, आणि कारण म्हणून संपादकाने लिहिलं, ‘जाहिरात.’ दिलगिरीचा नियम बहुधा त्याच्याकडे नव्हता.

आई शेजारी येऊन बसली होती. तिने पडद्यावर बोट फिरवत पान वाचलं: स्थापना, कुलगुरू, विभाग, विद्यार्थी.

“हे सगळं बरोबर आहे आता?”

“आहे.”

“आणि यात ते कुठे आहेत?”

“कुठेच नाहीत, आई. आता कुठेच नाहीत.”

आईने पदराने डोळे पुसले. पान वर नेऊन ती पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली, या वेळी हळू, एकेका आकड्यावर थांबत. देविकाने तिला वाचू दिलं. मग देविकालाही पडद्यावरचं दिसेना.