प्रार्थनाघराच्या भिंतीवरचा ओळंबा

मी एक जुना ओळंबा आहे, मित्रांनो. पितळेचा, मुठीत मावेन एवढा. खाली टोक, वर भोक आणि भोकात दोरी. मला बोलायला लावलंत तर आता ऐकून घ्या. मला तोंडदेखलं बोलता येत नाही, आणि जे घडलं ते गोडही नाही.

एका कातारी माणसाने मला लेथवर घडवलं आणि एका गवंड्याने विकत घेतलं. माझं काम सोपं होतं. माझ्या जाडीची एक लाकडी चकती दोरीत ओवलेली असे. गवंडी ती चकती भिंतीच्या वरच्या अंगाला टेकवी आणि मला खाली सोडी. भिंत सरळ असली की मी तिला जेमतेम शिवायचो. कललेली असली की फट दिसायची, नाहीतर मी तिच्यावर घासायचो. मी झुलायचा थांबेपर्यंत गवंडी कुणाला बोलू देत नसे. "गप्प बसा रे, तो बघतोय," म्हणायचा. मला भारी वाटायचं.

गवंड्याचा धाकटा भाऊ उपदेशक होता. सगळे त्याला धाकटाच म्हणत. त्याच्यासाठी गवंड्याने प्रार्थनाघर बांधलं. व्यासपीठामागची उंच भिंत त्याने एकट्याने लावली, प्रत्येक थराला मला सोडून. एवढी देखणी भिंत त्याने पुन्हा कधी लावली नाही.

पहिल्या प्रार्थनेला धाकट्याने एक गोष्ट सांगितली. फार पूर्वी हिब्रू लोकांमध्ये एक मेंढपाळ होता. त्याला दृष्टान्त झाला. एका भिंतीपाशी साक्षात परमेश्वर उभा होता आणि त्याच्या हातात ओळंबा होता. आता हा मी माझ्या माणसांना लावणार, असं परमेश्वर म्हणाला, आणि यापुढे गय नाही. मी आजवर विटा बघत होतो. माणसांना लावायचा ओळंबा कसा असेल, आणि त्याची दोरी ज्या हातात आहे त्या हाताकडे बघायची कुणाची छाती होईल? तेव्हापासून माझ्या दोरीला वरून कुणीतरी धरलंय असं मला वाटत राहिलं. अजून वाटतं.

धाकट्याने मला मागून घेतलं आणि त्याच भिंतीवर अगदी उंच खिळ्याला चकतीसकट टांगलं, दोरी एवढी लांब की मी माणसाच्या खांद्याशी लोंबे.

"माझं हत्यार तू देव करून ठेवलंस," गवंडी हसत म्हणाला. "आता मी भिंती काय तुझ्या प्रवचनानं सरळ करू?"

"दादा, नवा घे की. याला इथं राहू दे."

मी राहिलो. बायका मला पुसायच्या, लेकरं बोट दाखवायची. हात मात्र कुणी लावत नसे. काम नसलं की पितळही सुस्तावतं, मित्रांनो. गवंड्याचे गुडघे गेले, तो येईनासा झाला. अशी बरीच वर्षं गेली.

मग एकदा माझ्या आणि भिंतीच्या मध्ये फट दिसू लागली. आधी कागद जाईल एवढी, मग बोट जाईल एवढी.

लोकांच्या काळजाचं पाणी झालं. ओळंबा भिंतीला शिवेना! धाकट्याने सांगितलं, "पावित्र्य आपल्यापासून दूर सरतंय. आपली पापं बघा." लोक ढसाढसा रडले. एका शिंप्याने दहा वर्षांचा अबोला सोडून मेव्हण्याचे पाय धरले. गर्दी वाढली. बाकं कमी पडली, म्हणून लेकरांना भिंतीच्या पायाशी सतरंजीवर बसवू लागले. मी तिथून सगळ्यांना बघत होतो. मी ओरडत होतो, पण ओळंब्याचं ओरडणं म्हणजे स्वस्थ लोंबकळणं.

तो चमत्कार ऐकून एका सकाळी गवंडी काठी टेकत आला. लोक जमू लागले होते. त्याने माझ्यामागे हात घातला. चारही बोटं आत गेली. त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"धाकट्या, हा सरकला नाही रे. हा आहे तिथंच आहे. भिंत झुकलीये. आतून पाया खचलाय. सगळ्यांना बाहेर काढ."

"दादा, आजच? लोकांना पहिल्यांदा देवाची भीती वाटतेय. आता मी काय सांगू, की मी चुकलो?"

"होय, तेच सांग. माझी भिंत पडतेय हे मी सांगतोय ना?"

धाकटा सतरंजीवरच्या लेकरांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "दुसऱ्या एका संदेष्ट्याला परमेश्वराच्या घराचे उंबरे हलताना दिसले. तो म्हणाला, माझं तोंडच मळलेलं आहे. मी हे किती वेळा सांगितलं, दादा. कधी माझं तोंड आठवलं नाही."

तो व्यासपीठावर चढला आणि त्याने सगळं सांगितलं. काही रागावले. शिंपी तर उठेचना. "मग माझं रडणं खोटं होतं का?"

"रडणं राहू दे तुझं, आधी बाहेर हो!" गवंडी खेकसला.

सगळे बाहेर पडले, शेवटचं लेकरूही बाहेर गेलं. मला हायसं वाटलं. म्हटलं, आता पडू दे भिंत.

तेवढ्यात धाकटा परत आत आला. दारातून गवंडी जिवाच्या आकांताने हाका मारत होता, पण गुडघे त्याला पळू देईनात. धाकटा बाकावर चढला. मला उपटून त्याने मुठीत धरलं. अरे बाबा, मला कशाला न्यायला आलास? मग वरून चुना झरू लागला.

विटा उपसायला शिंपी सर्वांत पुढे होता. मी धाकट्याच्या मुठीतच सापडलो. कुणीतरी म्हणालं, ओळंबा त्याच्याबरोबरच जाऊ द्या. गवंड्याने मान हलवली. त्याने भावाची बोटं एकेक करून उलगडली आणि म्हणाला, "नको. भिंत परत लावायचीये."

मित्रांनो, मला खिळ्याला टांगून हात जोडू नका. मला भिंतीला लावा, आणि फट दिसली की तिला फटच म्हणा. त्या परमेश्वराच्या हातातल्या ओळंब्याने धाकट्याला काय दाखवलं असेल, हे मला सांगता येत नाही. तो विचार आला की मी अजून झुलायचा थांबत नाही. धाकट्याने सगळ्यांना वाचवलं आणि मग एका वस्तूसाठी तो आत आला. माझ्यासारखे ओळंबे बाजारात ढिगाने मिळतात.