बरणीत मागे ठेवलेला गोळा

मित्रांनो, मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे. बुडाशी तपकिरी, वर पांढरी आणि काठाशी टवका उडालेली. माझ्या बहिणींच्या नशिबी लोणचं आलं, माझ्या नशिबी पावाचं पीठ. खरं सांगते, मला त्याचा फार तोरा होता.

१९८१ साली आवडाबाईंनी मला ठाण्याच्या बाजारातून कोपरीच्या त्यांच्या घरी आणलं. घर कोळ्यांचं, यजमान खाडीत जाळं टाकायचे. आवडाबाईंच्या आईला वसईकडच्या एका शेजारणीनं ताडीत पीठ आंबवून पाव करायला शिकवलं होतं, तीच रीत लेकीकडे आली. पहिलं पीठ भिजलं ते घरामागच्या ताडाच्या ताज्या ताडीत. पीठ फुगलं की त्यातला लिंबाएवढा गोळा माझ्यात मागे ठेवायचा. पुढच्या रविवारी तोच गोळा नव्या पिठाला फुगवायचा, आणि त्यातला पुन्हा लिंबाएवढा माझ्याकडे यायचा. असा तो कधी संपलाच नाही.

रविवारी ॲल्युमिनिअमच्या गोल ओव्हनमधून पाव निघाले की आळीभर वास सुटायचा. कोलंबीच्या कालवणात ते पाव बुडवून खाताना शेजारीपाजारी आवडाबाईंच्या हाताचं कौतुक करत. माझं नाव कुणी घेत नसे, पण मला काय ते ठाऊक होतं. पुढे ताड तोडून तिथे इमारत उभी राहिली आणि घरची ताजी ताडी बंद झाली. तेव्हा आवडाबाई माझ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आता तूच हायस गो."

त्यांचा मुलगा सहदेव याचं लग्न झालं आणि कल्याणची नीला सून म्हणून घरात आली. पोर गुणी होती. सासूबाई पीठ मळत असताना ती जवळ येऊन उभी राहायची. एकदा तिनं झाकणाला हात घातला, तर आवडाबाई गरजल्या, "त्या बरणीला हात लावू नको!" का, ते त्यांनी सांगितलं नाही. भीतीपोटी नीलानंही विचारलं नाही. माणसांच्या या दोन सवयींनी केवढं नुकसान होतं!

१९९५ची दिवाळी आली. आवडाबाईंची लेक डोंबिवलीत बाळंत झाली म्हणून त्या चार दिवस तिकडे गेल्या. दिवाळीतच सूर्यग्रहण होतं. नीलानं आदल्या दिवशी दुधात, पाण्यात, लोणच्यात, पिठाच्या डब्यातसुद्धा तुळशीचं पान टाकलं. माझ्यापाशी मात्र ती थबकली. हात लावू नको म्हणून सांगितलं होतं ना! तिनं ते पाळलं, आणि घरात पानावाचून मी एकटीच राहिले.

ग्रहण सुटल्यावर तिनं घर धुतलं. पान नसलेलं अन्न ठेवायचं नाही, हे तिच्या माहेरचं वळण. आता ते अन्न टाकलंच पाहिजे म्हणून तिनं धीर करून माझं झाकण उघडलं. आंबूस वासाचा गोळा बघून तिला वाटलं, पीठ नासलंय, सासूबाई येऊन नवं भिजवतील. तिनं तो टाकून दिला आणि मला चिंचेनं घासून लख्ख केलं. मला ओरडता आलं असतं तर!

आवडाबाई परतल्या, त्यांनी झाकण काढलं, आत नाक घातलं. नीलानं घाबरत विचारलं, "आई, पीठ नासलेलं, म्हणून मी टाकून दिलं. माझं काही चुकलं का?"

"त्यातूनच पाव फुगायचं गो," त्या म्हणाल्या. नीलाला रडू फुटलं. तिला जवळ घेत त्या म्हणाल्या, "तुजा कय चुकला नाय. मीच तुला कवा सांगला नाय."

मग दोघींनी मिळून खूप खटपट केली. दुकानातली ताडी आणली, यीस्टही आणलं. पाव फुगायचे, पण तो पहिला वास काही येईना; आळीत कुणाची मान वळत नसे. पुढल्या वर्षी आवडाबाई गेल्या. ओव्हन माळ्यावर गेला आणि माझ्यात खडेमीठ आलं.

मित्रांनो, घरातलं मोठं माणूस 'हात लावू नको' म्हणालं तर हात लावू नका, पण 'का?' एवढं विचारल्याशिवाय तिथून हलू नका. नीला आता दही लावायला बसली की मुलीला हाक मारते आणि विरजण दाखवून म्हणते, "हे एवढं रोज मागे ठेवायचं. का, ते नीट ऐक." मी समोरच्या फळीवर असते. पोटात मीठ घेऊन मीही ऐकते.