घंटीला शेंदूर

आजही कोणी म्हणतं, "बाई, तुमच्या वेळच्या चोर-घंट्या काय पक्क्या होत्या," आणि माझं डोकं भडकतं. कसल्या पक्क्या? एक लाकडी डबा, दोन मोठे सेल, भंगारातून आणलेला टेलिफोनचा एक विजेचा खटका, रिले म्हणतात तो, आणि घरभर फिरवलेली तांब्याची बारीक तार. तार अखंड आहे तोवर घंटी गप्प. दार उघडलं, खिडकी सरकली, तार तुटली की ती बोंबलणार. नागपूरच्या टांडापेठेतल्या कोष्ट्याच्या घरात वाढलेल्या बाईला हे समजायला कॉलेज लागत नाही. ताण्याचा एक धागा तुटला तरी आमच्या बाबांचा हात मागावर आपोआप थांबायचा. बाकीचं मी रेडिओ-दुरुस्तीच्या एका फाटक्या हिंदी पुस्तकातून आणि भरपूर झटके खाऊन शिकले.

कामंही एकेक नमुनेदार यायची. धंतोलीतल्या एका डॉक्टरांना टॉनिकच्या कपाटाला घंटी हवी होती, कंपाउंडरवर संशय होता. घंटी वाजली तेव्हा कपाटापाशी डॉक्टरांच्या आई उभ्या होत्या, तोंडाला ग्लुकोजची पांढरी पूड. भिवापूरला मिरचीच्या खळ्याभोवती तार लावली. ती तेरा वेळा वाजली आणि तेराही वेळा बैल निघाला. गोपाळराव नावाच्या एका पेन्शनर वकिलांना सुनेच्या खोलीच्या दाराला घंटी पाहिजे होती, बाहेरच्या बाजूनं. त्यांना मी तार संपली म्हणून सांगितलं. पिशवीत चार गुंडाळ्या होत्या.

इथवर लोक हसतात. पुढचं मी सहसा सांगत नाही.

अठ्ठ्याहत्तर साली इतवारीतल्या गुलाबचंद शेठजींकडे मी माझी सगळ्यात मोठी घंटी बसवली. शेठजी मिरचीचे व्यापारी; खाली गोदाम, वर घर. तीन दिवस काम चाललं आणि तिन्ही दिवस मी शिंकत होते. डबा जिन्याजवळच्या भिंतीवर ठोकला. त्याला पितळी किल्ली. बाहेर जाताना किल्ली फिरवायची, डब्यावरचा हिरवा दिवा लागला की घंटी जागी झाली. एवढी गोष्ट शेठजींना मी चार वेळा समजावली. मग त्यांच्याकडे धुणंभांडं करणाऱ्या भागीरथेला समजावली. तिला एकदाच सांगावं लागलं.

"अन् दिवा नाई लागला त?" तिनं विचारलं.

"त घंटी झोपली समज. लगेच मले सांगाले ये."

हे मीच म्हटलं होतं. माझ्या तोंडानं.

पुढच्याच महिन्यात खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे माग बंद. धोटा, फणी, कातर, सगळं पुसून पाटावर ठेवायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. हत्यारालाही एक दिवस विसावा. दसऱ्याचं सोनं लुटून होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मी माझी पकड आणि पेचकस त्याच पाटावर ठेवायची. बापाचा धोटा आणि लेकीची पकड शेजारी शेजारी बघून मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

शेठजींच्या घराण्याला नागपुरात तीन पिढ्या झालेल्या. तेही तराजू, वजनं, वह्या पुजायचे. त्या वर्षी त्यांना माझा डबा दिसला. हा घराची राखण करतो म्हणजे हा मारुतीच, असं त्यांनी ठरवलं, आणि वाटीभर तिळाच्या तेलात शेंदूर कालवून डब्याला वरपासून खालपर्यंत थापला. वर झेंडूचा हार.

दुपारी भागीरथा आमच्या गल्लीत आली. माग बंद असल्यामुळे सगळी गल्ली ओट्यावर बसलेली.

"बाई, तुमच्या घंटीच्या भोकात तेल गेलं," ती धापा टाकत म्हणाली. "शेठानं किल्ली फिरवून पाह्यली, दिवाच लागून नाई राह्यला."

"मंग शेठजी काय म्हणे?"

"म्हणे आज तिलेबी सुट्टी. मी पुसाले गेली त शेठाणी मैनाबाई म्हणे, देवाचं तेल हाय, हात नको लावू. तुमी चाला ना."

मी पाटाकडे बोट दाखवलं. "आज पकडीले हात नाई लावत वं. दसरा होऊ दे, परवा सकाळी येईन."

"अन् उद्या सारे सोनं द्याले बाहेर गेले त?"

"सणाच्या दिवशी कोन चोरी करते?"

शेजारच्या तुळसाबाईनं ओट्यावरून टोला हाणला, "चोराचंबी हत्यार आज पाटावरच असन!"

गल्ली खदखदून हसली. मीही हसले. भागीरथा हसली नाही. इतवारीहून टांडापेठ ती पायी आली होती, तशीच पायी परत गेली. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी शेठजींचं सगळं घर रावण बघायला गेलं. परत आले तर मागची खिडकी सताड उघडी, कपाट उघडं, मैनाबाईंचे सोन्याचे गोठ आणि चांदीची भांडी गेलेली. घंटी वाजलीच नव्हती.

मी सकाळी पिशवी घेऊन पोहोचले, कबूल केल्याप्रमाणे. जिन्यात पोलीस चौकीचे जमादार बाबाराव, शेठजी, मैनाबाई, समोरच्या ओळीतले दोन कापड-व्यापारी, आणि भिंतीला टेकून भागीरथा.

"बाई, तुमची घंटी वाजली काहून नाही?" शेठजी माझ्यावर खेकसले. "मी खुद्द किल्ली फिरवली होती!"

"अन् दिवा?"

"लागला असेलच ना! वर हार होता, दिसणार कसा?"

हिरवा दिवा झेंडूनं झाकून हा माणूस रावण बघायला गेला होता.

मी डबा उघडला. आणि इथं माझ्या हातानं घात केला. मागावर बसण्याआधी विणकर धोटा पुसतो. विचार करून नाही, हातच पुसतो. माझंही तसंच. डबा उघडला की आधी पदरानं पितळी पट्ट्या पुसायच्या, मग पुढचं. मी पुसल्या. तेल, शेंदूर, सगळं. मग किल्ली फिरवली. दिवा लागला. बाबारावांनी खिडकी ढकलली आणि घंटी अशी कडाडली की खाली गोदामातले हमाल बाहेर आले.

"म्हंजे मशीन ठीक हाय," जमादार म्हणाले.

"देखा?" शेठजींचा चेहरा उजळला. "मशीन ठीक! कोणी तरी जानबूझके बंद केली. किल्ली कुठं टांगते हे कोणाले मालूम? हिले!"

"शेठजी, काय बोलून राह्यले तुमी!" भागीरथा पुढे आली. "तेल गेलं म्हणून मी पायी पायी ह्या बाईकडं गेली होती. बाई, सांगा ना. आली होती ना मी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ते दोघे कापडवालेही. दिवाळीनंतर त्यांच्या अख्ख्या ओळीत घंट्या बसवायचं बोलणं झालेलं होतं. ती आली होती म्हणावं तर पुढचा प्रश्न उभाच: मग तुम्ही आला का नाहीत? बाईमाणसाच्या हातची घंटी म्हणून लोक आधीच नाक मुरडायचे. पाच वर्षं खपून मिळवलेलं नाव पकड पाटावर होती म्हणून बुडणार, एवढंच मला त्या क्षणी दिसलं.

"आली असन," मी म्हटलं. "सणाचा दिवस. गल्लीत शंभर लोक येतात-जातात. माह्या ध्यानात नाई."

भागीरथा माझ्याकडे नुसती बघत राहिली. बाबारावांनी तिला जिन्यावरून खाली नेलं. मैनाबाई म्हणाल्या, "अशा बायांचा काय भरोसा," आणि मला चहा आणून दिला. तो मी प्याले. हेही लिहून ठेवते.

दुपारी तुळसाबाई दारात येऊन उभी राहिली.

"भागीरथेले चौकीत नेलं म्हणतात. खरं हाय?"

"हो."

"मंग तू सांगतलं नाई का? ते त तुलेच सांगाले आली होती. साऱ्या गल्लीनं पाह्यलं."

मी तार गुंडाळत बसले होते.

"सत्यवती," तुळसाबाईचा आवाज बदलला, "तू काय बोलली तिथं?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "मी चोराच्या हत्याराची मस्करी केली ते कमी होतं, त तू असं केलं? ऊठ. आत्ताच्या आत्ता ऊठ."

मी उठले नाही. उद्या जाऊ म्हटलं. हा "उद्या" माझ्या जिभेवर असा बसला होता, जसा काही कोणी मंत्र दिला होता. तेल गेलं, तर परवा. बाई कोठडीत गेली, तर उद्या. शेठजींचा राग मला आला, जमादारांचा आला, मैनाबाईंच्या चहाचा आला. पण सगळ्यात जास्त संताप मला माझ्या त्या गुळगुळीत शब्दांचा आला. आली असन! खोटंही धड बोलता आलं नाही मला. निसटायला वाट ठेवून बोलले.

दुसऱ्या दिवशी चौकी उघडायच्या वेळेला मी, तुळसाबाई आणि गल्लीतली चार माणसं तिथं हजर. फौजदार तरुण होते. मी सरळ सांगितलं: घंटी खंडेनवमीलाच मेली होती, तेलानं. ते तेल काल मी पुसलं. ही बाई मला सांगायला आली होती आणि मी तिला परत पाठवलं. जिला चोरी करायची ती घंटी बंद पडल्याचं दुरुस्त करणारीला पायी येऊन सांगेल का?

"मग काल का बोलला नाहीत?"

"धंदा बुडन म्हणून."

फौजदारांनी लिहिता लिहिता मान वर केली. त्यांना बहुधा दुसरं काही उत्तर अपेक्षित होतं. तुळसाबाईनं साक्ष दिली, चौघांनी दिली. मग शेठजींना बोलावलं. नवमीला दिवा लागला नव्हता, हे त्यांनी तीनदा नाकारून चौथ्यांदा कबूल केलं, आणि जाताना मला म्हणाले, "बाई, अब इतवारीत तुमचं काम खतम." त्यात ते शब्दाचे पक्के निघाले.

दुपारपर्यंत भागीरथेला सोडलं. मी बाहेर लिंबाखाली उभी होते. ती आली, चपला शोधल्या, नव्हत्या. अनवाणीच माझ्यापुढे उभी राहिली.

"भागीरथा, माहं चुकलं," मी म्हटलं.

"चुकलं?" आतापर्यंत मी तिची 'बाई' होते. "तू चुकली नाई वं. तुले मालूम होतं. तुले खरं बोलाले एक दिवस लागला. तो दिवस मी कुठं काढला, पाह्यचं काय? चाल, दाखवतो."

ती थांबली नाही.

"माह्या चार घरचं काम होतं. त्या साऱ्यांच्या कानावर गेलं, भागीरथा चोर हाय म्हणून. चौकीतून सुटली हे कोन सांगन त्याहिले? मी सांगतलं त पटन?" तिनं माझा दंड धरला. तिची बोटं रुतली. "चाल माह्यासंग."

आम्ही निघालो. भर दुपारी, ती अनवाणी आणि मी तिच्या मागून. पहिल्या घरी दार उघडलं. बाई तिला बघून दचकली. भागीरथेनं मला पुढे ढकललं. मी म्हटलं, "मी घंटीवाली सत्यवती. ही चोर नाई. ही मले सांगाले आली होती, मी खोटं बोलली." दुसऱ्या घरी हेच. तिसऱ्या घरी म्हातारीला ऐकू कमी यायचं, तिला तीन वेळा सांगावं लागलं, आणि शेजारचे लोक गॅलरीत जमले. भागीरथा बाजूला उभी राहून माझा एकेक शब्द ऐकत होती, तांदूळ निवडतात तशी. कुठं आवाज उतरला की म्हणायची, "हं, पुन्हा."

चौथं घर गुलाबचंद शेठजींचं. मैनाबाईंनी दार उघडलं. मी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, पदर सारखा केला.

"झालं ते झालं, भागीरथा. आपल्या घरची गोष्ट. उद्यापासून ये कामाले. भांडी तशीच पडली आहेत."

"मी कामाले नाई आली," भागीरथा म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "शेठ वरती हाय. त्याले ऐकू नाई गेलं. जोरानं सांग."

मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढले आणि घसा फुटेस्तोवर ओरडून सांगितलं.