गुडघ्यांची इमारत

आईने बांधलेल्या इमारतीसमोर, रस्त्यापलीकडच्या बाकावर बसून ती आणि मी सँडविच खात होतो. आर्किटेक्ट म्हणून तिने पुष्कळ काही बांधलं, पण शहर तिला ओळखायचं ते या उंच, काचेच्या ऑफिसांच्या इमारतीमुळे, आणि तेही थट्टेने. एरवी काचेखालची पत्र्याची पट्टी टेबलाच्या उंचीपर्यंत असते. इथे ती वीतभर खालीच थांबली होती. त्यामुळे खालच्या मजल्यांवरचे टेबलांमागचे पाय रस्त्यावरून दिसत. लोक म्हणत, गुडघ्यांची इमारत.

“तो बघ, एकाने बूट काढलेत,” मी म्हटलं. “तुझ्या चुकीपायी बिचाऱ्याची अब्रू चव्हाट्यावर.”

“चूक नाही ती.” आईने बोटं पुसली. “मी हिचे नकाशे करत होते तेव्हा शाळा सुटली की तू माझ्या ऑफिसात यायचीस. खुर्चीत बसलीस की नुसतं आभाळ दिसायचं. रस्ता दिसत नाही म्हणून भुणभुण लावायचीस. मग तुलाच खुर्चीत बसवून तुझ्या डोळ्यांच्या उंचीचं माप घेतलं.”

“अगं, पण इथे लहान मुलं कुठे बसणार होती?”

“मालकही हेच म्हणाले. तोवर पट्ट्या कापून झाल्या होत्या. मी म्हटलं, चुकलं. चुकलं म्हटलं की माणसं ओरडतात आणि गप्प होतात. हट्ट आहे म्हटलं असतं तर काम काढून घेतलं असतं.”

मला हसू आवरेना. ती मात्र इमारतीकडे बघत होती.

“तुला आवडते का गं?”

तिने हे कधीच विचारलं नव्हतं. मला उगाच अवघडल्यासारखं झालं. “उन्हाळ्यात तापते फार,” मी म्हटलं.

“तापते खरी,” ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावरचा पावाचा चुरा झटकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही.

पुढे इमारतीच्या व्यवस्थापकांचा फोन आला. आईंचा फोटो खाली लावायचाय, म्हणाले. फोटो देऊन झाल्यावर मी विचारलं, जरा वर जाऊ का? त्यांनी मला एका ऑफिसात नेऊन सोडलं. जेवणाची सुट्टी होती, खुर्च्या रिकाम्या होत्या. मी काचेजवळच्या खुर्चीत बसले. रस्ता दिसत होता, पण तो कुणालाही दिसला असता. मी खुर्ची सरकवली आणि जमिनीवर गुडघे टेकले. लहानपणी खुर्चीत बसल्यावर डोळे येत असतील तितके खाली आले.

पट्टीच्या कडेवरून सगळा रस्ता दिसला. गाड्या, झाडं, पलीकडचा बाक. बाकावर कुणीतरी पेपर वाचत होतं.

मागून एक बाई डबा घेऊन आल्या. “काही पडलं का हो तुमचं?”

“नाही.”

त्या थांबल्या आहेत हे मला कळत होतं. तरी मी काचेला कपाळ टेकलं.

“आवडते गं, आई,” मी म्हटलं. “पहिल्यापासून आवडते.”