वखारीमागचे कुरण

नोव्हेंबरच्या ग्रामसभेला काही आठवडे उरले असताना वखारीमागच्या कुरणात खांब उभे राहिले. इमारत बांधायची तर ती किती उंच आणि किती रुंद होणार, हे आधी खांब रोवून गावाला दाखवायचे, असा तिथला नियमच होता. खांबांच्या टोकांना आडव्या पट्ट्या ठोकलेल्या होत्या. त्या पोकळ चौकटीत जो तो आपापल्या मनातली इमारत पाहत होता. कुणाला तळे झाकलेले दिसे, कुणाला आपल्या बंगल्याचा भाव उतरलेला दिसे. मादलेन हूविलरला मात्र दुसऱ्या मजल्यावरची, उन्हाच्या बाजूची दोन खोल्यांची एक जागा दिसे, आणि तिथे आपले शिसवी कपाट कुठल्या भिंतीला लागेल याचा विचार करीत ती पाच-दहा मिनिटे रस्त्यात उभी राही.

तिला घर सोडायचे होते. ज्या चार मजली इमारतीत तिचे अर्धे आयुष्य गेले, तिचा म्हातारा मालक वारला आणि त्याच्या मुलांनी ती शहरातल्या एका निवृत्तिवेतन निधीला विकली. निधीने सगळ्या भाडेकरूंना एकाच दिवशी नोटिसा पाठवल्या. नळ, स्वयंपाकघरे, खिडक्या, सगळे नवे करायचे आहे, मार्चअखेर जागा रिकाम्या कराव्यात. नंतरचे भाडे आताच्या जवळजवळ तिप्पट असणार होते. कायद्यात बसणारे होते सगळे. गावाने कर उतरवला तशी शहरातली पैसेवाली माणसे तळ्याकाठी येऊ लागली आणि भाडी चढत गेली, हे मादलेनने बालवाडीच्या खिडकीतून पाहिले होते. मुलांना आणायला येणाऱ्या गाड्या दर वर्षी मोठ्या होत गेल्या होत्या. बालवाडीच्या बाईच्या पगारात आता बसत होती ती फक्त डोंगरापलीकडच्या कारखान्यांच्या गावातली एक जागा, मालगाड्यांच्या यार्डाला लागून. तिथून शाळेत यायला दोन बस बदलाव्या लागत.

म्हणून ते कुरण. जमीन गावाच्या मालकीची होती. एका सहकारी गृहनिर्माण संस्थेने ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मागितली होती. चोवीस घरे बांधायची, आणि खर्च भागेल तेवढेच भाडे घ्यायचे. ग्रामसभेने हो म्हटले तर मादलेनचे नाव यादीत होते; इमारत उभी राहीपर्यंत संस्था आपल्या दुसऱ्या जागेत भाडेकरूंची सोय करणार होती. नाही म्हटले, तर जमीन बाजारात जाणार होती.

सभेच्या आदल्या रविवारी ती थोरल्या भावाकडे जेवायला गेली होती. माइनराडचे शेत कुरणाला लागूनच होते.

"हात वर करशील ना?" तिने विचारले.

"म्हणजे काय, लेनी? बहिणीसाठी नाही करणार तर कुणासाठी? त्या दलाल क्युंगसाठी?"

माइनराडच्या शेतावर मागे एक लहान घर होते. आईवडिलांची शेवटची वर्षे त्यात गेली. आता ते आठवड्याच्या हिशोबाने पर्यटकांना दिले जाई. नोटीस आली तेव्हा मादलेनने त्याबद्दल चाचपून पाहिले होते. "शेतीच्या जागेत बिगरशेतकऱ्याला कायमचं राहू देत नाहीत गं. कायदा आहे," तो म्हणाला होता. पर्यटक त्या कायद्यात कसे बसतात, हे तिने विचारले नव्हते. विचारले असते तर उत्तर ऐकावे लागले असते.

सभा शाळेच्या व्यायामशाळेत भरली. मते मोजायला गावाने निवडून दिलेली तीन माणसे असत, आणि मादलेन बरीच वर्षे त्यांतली एक होती. डावीकडच्या रांगा तिच्याकडे. सभा सुरू होण्याआधी गावाचे अध्यक्ष बेआट नोट्टर तिच्याजवळ आले. तेही लहानपणी तिच्याच हाताखाली चित्रे रंगवून गेलेले.

"बाई, आजच्या विषयात तुमचं... म्हणजे, हवं तर दुसरं कुणी मोजेल."

"का? मला मोजता येत नाही असं कधीपासून वाटायला लागलं?"

"तसं नाही हो, बाई."

"मग बस जागेवर, बेआट."

आपण माघार घेतली तर आपल्याला काहीतरी हवे आहे हे सगळ्या गावाला दिसेल, एवढेच तिच्या मनात होते. गरज लपवण्याची सवय तिला गावानेच लावली होती.

क्युंग पहिल्यांदा बोलायला उठला. उर्बान क्युंग जमिनीचे व्यवहार आणि लोकांचे करविवरण सांभाळी. गावात त्याची भाड्याने दिलेली बरीच घरे होती. आवाज मऊ, कोटही मऊ.

"बुटाची नाडी बांधायला मी आपल्या बाईंकडून शिकलो," त्याने सुरुवात केली, तसे लोक हसले. "तेव्हा हा कुणा एका व्यक्तीचा प्रश्न नाही, हे मी आधीच सांगतो. जमीन बाजारभावानं विकली तर शाळेचं छप्पर होईल, कर आणखी उतरेल. गावाची मालमत्ता अशी वाटून टाकायची का?"

"नाडी शिकलास, पण गाठ आमच्या गळ्याला मारतोयस!" मधल्या रांगेतून हेडविग ओरडली. ती मादलेनच्या खालच्या मजल्यावर राहणारी, ऐंशी ओलांडलेली. तिलाही नोटीस आलेली होती. सभेत ती विणकाम घेऊन बसे.

"हेडविग, हात वर करून बोला," नोट्टर म्हणाले.

"हातात सुया आहेत."

मागून कुणीतरी म्हणाले, की स्वस्त घरे बांधली की स्वस्त माणसे येतात.

"आलीयेत की केव्हाच!" हेडविगने वळूनही पाहिले नाही. "मी ऐंशी वर्षांपूर्वी आले. आणि खांबांनी तळं झाकतं म्हणणाऱ्यांनी जरा आपापली गॅरेजं बघा. तीन-तीन गाड्यांची! त्यांच्या आडून तळं काय चालत बाहेर येतं?"

हशा मोठा झाला. मादलेनला क्षणभर वाटले, होईल. हसणारी माणसे तोंडावर नाही म्हणणार नाहीत. सगळ्यांदेखत, तिच्याकडे पाहत, हात खाली ठेवणे यांतल्या बहुतेकांना जमणार नव्हते. तिची आशा लोकांच्या चांगुलपणापेक्षा त्यांच्या भिडेवर होती, आणि भीड तिला पुरेशी वाटत होती.

क्युंगलाही ती तेवढीच दिसत असावी. तो पुन्हा उठला. "विषय नाजूक आहे. कुणाला अवघडल्यासारखं होऊ नये. मी गुप्त मतदानाची मागणी करतो."

एक चतुर्थांश लोकांनी हात वर केले तर गुप्त मतदान घ्यावेच लागे. सभेला दोनशे बारा माणसे होती. त्रेपन्न हात हवे होते.

मादलेन आपल्या रांगांच्या कडेने चालू लागली. हात सरळ, कोपर कानाजवळ, आणि मी बघेपर्यंत खाली आणायचा नाही, असे तिने यांतल्या कितीतरी जणांना शिकवले होते. आता हात येत होते ते खांद्यापर्यंत, शेजाऱ्याच्या आडोशाने. पलीकडच्या दोघांनी आपापले आकडे मोठ्याने सांगितले. वीस. एकोणीस. तिच्याकडे शेवटच्या रांगेपर्यंत तेरा झाले होते; त्रेपन्नाला एक हात कमी.

शेवटच्या रांगेच्या टोकाला माइनराड बसला होता. त्याचे कोपर मांडीवर होते आणि पंजा कानाशी, बोटे अर्धी मिटलेली. कान खाजवतोय असेही म्हणता आले असते. ती तसे म्हणू शकत होती. तो निर्णय मोजणाऱ्याचाच असतो. ती त्याच्यासमोर थांबली.

"माइनराड, वर आहे की खाली?"

त्याने तिच्याकडे पाहिले नाही. समोर, व्यायामाच्या शिड्या ठोकलेल्या भिंतीकडे पाहत तो म्हणाला, "वर आहे."

"चौदा," मादलेनने सांगितले. आवाज नेहमीचाच आला, याचे तिलाच नवल वाटले.

चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. माणसे तळहाताचा आडोसा करून लिहू लागली, परीक्षेला बसल्यासारखी. आपल्या रांगांच्या चिठ्ठ्या तिने गोळा केल्या आणि बाजूच्या टेबलावर उलगडल्या. एक "हो" तिचे स्वतःचे होते, एक हेडविगचे. थरथरते अक्षर ओळखू येत होते. सगळी मिळून "हो" एकोणीस निघाली. बाकीच्या पन्नासएक चिठ्ठ्यांवर "नाही" होते, आणि बहुतेकांवर ते छापल्यासारख्या मोठ्या अक्षरांत होते, अक्षरावरून कुणी ओळखू नये म्हणून. तिने दोनदा मोजले. इतर दोन टेबलांवरही चित्र वेगळे नव्हते. नोट्टरनी निकाल वाचला, खाकरले आणि पुढचा विषय घेतला. तो सांडपाण्याच्या नळांचा होता.

सभेनंतर नेहमीप्रमाणे पांढरी वाइन, पाव आणि चीज मांडले होते. मादलेन निघून जाऊ शकली असती. पण मोजणाऱ्यांना सहीसाठी थांबावे लागे, आणि सही होईपर्यंत माणसे तिच्याभोवती जमली.

"बाई, फार वाईट झालं. मी तर 'हो'च लिहिलं."

"आमच्या दोघांचंही 'हो'च, बाई. कोण असतील हो असले लोक?"

"तुम्हाला मिळेल काहीतरी. तुमच्यासारख्या माणसाला मिळतंच."

ती मान डोलवत राहिली. नको नको म्हणताना मनात आकडे चालूच होते. डावीकडच्या रांगांतून येऊन तिचा हात दाबणारे, खांद्यावर हात ठेवणारे, डोळे ओले करणारे. एकोणीस केव्हाच भरले. त्यानंतरही माणसे येत राहिली, आणि एकाचाही हात थंड नव्हता.

हेडविग लोकर पिशवीत भरत जवळ आली. "ऐकतेयस ना? आपण जिंकलोय म्हणे."

"ऐकतेय."

"मग घर बघायला कधी जायचं?" असे म्हणून ती हसली, आणि हसता हसताच तिला शेजारच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. मादलेनने तिला बसवले, तिच्यासाठी पाणी आणले.

माइनराड सगळ्यांच्या शेवटी आला. दोन्ही हातांत पेले होते.

"लेनी, मी 'हो' लिहिलं. आईची शपथ."

"मग हात कशाला वर केलास?"

"तुझ्यासाठीच. अगं, तुझ्या रांगांत क्युंगचे भाडेकरू किती आहेत, माहीत आहे ना? मालकासमोर ते कसले हात वर करतायत! म्हटलं, झाकून तरी देतील."

हे खरे असू शकत होते. अगदी खरे असू शकत होते. आणि कुरण बाजारात गेले की त्याला लागून असलेल्या शेतावरही एक दिवस घरे बांधायची परवानगी मिळेल, त्या दिवशी ते शेत सोन्याचे होईल, हेही तितकेच खरे होते. त्याचे "हो" मानायचे, तर मघाशी हात दाबून गेलेल्यांपैकी आणखी एकाला खोटे ठरवावे लागणार होते. कुणाला? तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. लहानपणापासून ओळखीचा तो चेहरा. त्यावर काहीच लिहिलेले नव्हते. आता यापुढे नाताळला, वाढदिवसाला, आईच्या थडग्यापाशी, प्रत्येक वेळी ती तिथे तेच शोधणार होती.

"काही बोल ना," तो म्हणाला.

"काय बोलू? मत गुप्त होतं."

त्याने पेला तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला आणि टेबलावर ठेवला.

"मार्चमध्ये सामान न्यायला ट्रॅक्टर आणतो," तो घाईने म्हणाला. "ट्रॉली स्वच्छ धुऊन ठेवीन. पोरांनाही बोलावतो. तू कशाला हातसुद्धा लावू नकोस."

"नको," मादलेन म्हणाली. "भाड्याची गाडी सांगून ठेवलीय मी."

तिने अजून कुठल्याच गाडीवाल्याला काही सांगितलेले नव्हते.