कुलपामागचा साबण

मित्रांनो, माझ्या झाकणावर कुंकवाचा एक डाग आहे, तो कितीही पुसला तरी निघत नाही. मिरवण्यासारखा आहे म्हणून आधी त्याचेच सांगितले. मी गोदी सुईणीची पत्र्याची जुनी पेटी. माझ्यासारख्या पुष्कळ पेट्या कारखान्यातून निघाल्या. मोखाड्यात सुईणींचे प्रशिक्षण झाले तेव्हा मी गोदीच्या वाट्याला आले आणि तिच्या डोक्यावर बसून सूर्यमाळच्या बाजूला तिच्या पाड्यावर गेले.

माझ्या पोटात फार काही नव्हते. साबण, नखांचा ब्रश, नवे ब्लेड, नाळ बांधायचा दोरा आणि खाली अंथरायचा प्लॅस्टिकचा कागद. त्याआधी पाड्यावर नाळ विळ्याने कापत. हात कसे धुवायचे ते उपकेंद्रातल्या जयवंती सिस्टरने गोदीला शिकवले. सामान संपले की तीच भरून द्यायची. एखादी बाई अडेल असे वाटले तर गोदी तिला वेळेवर तालुक्याला धाडायची. दोघींचे छान जमले होते. पाचवीला सुईणीला कुंकू लावून तिच्या ओंजळीत तांदूळ घालायची रीत होती. हळूहळू बाया मलाही कुंकू लावू लागल्या. मी फुगून जायचे, खोटे कशाला बोलू?

मग सुधारणा आली. बाळंतपण दवाखान्यातच व्हायचे, सुईणींच्या पेट्या जमा करायच्या, असा हुकूम निघाला. उपकेंद्राच्या पडवीत बैठक भरली, तिला तालुक्याहून आरोग्य खात्याचा साहेब आला. जयवंती सिस्टर उभी राहून म्हणाली, "साहेब, दवाखाना हवाच. पण दवाखान्याची जीप पाड्यापर्यंत यायला लागेपर्यंत पेट्या राहू द्या."

साहेब काही वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "पेट्या ठेवल्या तर बाया दवाखान्यात येणारच नाहीत. तुम्ही फोन करा, जीप येईल."

मी उपकेंद्राच्या कपाटात गेले. भरलेलीच गेले.

ऐन पावसाळ्यात जिव्याच्या बायकोला, येसूला, कळा सुरू झाल्या. आश्रमशाळेतून फोन केला, पण जीप घाटातच चिखलात रुतली. घरच्यांनी गोदीला सोबत घेऊन येसूला उपकेंद्राच्या पडवीत आणले, तर दाराला कुलूप. जयवंती सिस्टर लस द्यायला ओढ्यापलीकडे गेली होती आणि ओढ्याला पूर आला होता. किल्ली तिच्याजवळच होती. मी आतून सगळे ऐकत होते.

"गोदीआय, हात लाव ना," येसू कण्हत म्हणाली.

"लावतंय पोरी. पण माझी पेटी आत हाय."

जिव्याने कुलूप फोडायला दगड उचलला. तेवढ्यात त्याच्या बापाने, लाडक्याने, त्याचा हात धरला. "सरकारी कुलूप हाय ते. एका लाकडापायी फॉरेस्टवाल्यांनी मना कोर्टात किती फिरवला, इसरलास काय? थांब. जीप येल."

जिव्याने दगड खाली ठेवला. तो ठेवल्याचा आवाज मला आत ऐकू आला. मित्रांनो, त्या दगडाची मी किती वाट पाहिली होती!

जीप आली नाही, पोरगी आली. गोदीने साबणाशिवाय, नुसत्या पागोळीच्या पाण्याने हात धुतले आणि नाळ विळ्याने कापली. पोरगी जगली. येसूला तिसऱ्या दिवशी ताप भरला. मग मात्र जीप आली. दवाखान्यात सगळ्यांनी शिकस्त केली, पण विष अंगात भिनले होते. येसू परत आली नाही. पाचवीला कुणी कुंकू काढले नाही.

जयवंती सिस्टर पुढच्या बैठकीत पुन्हा उभी राहिली. हुकूम सगळ्या जिल्ह्यासाठी आहे, एका पाड्यासाठी बदलत नाही, असे उत्तर मिळाले. त्या दिवशी तिने कपाट उघडले, माझ्या झाकणावरून हात फिरवला आणि पुन्हा बंद केले.

आता येसूची जाऊ भारती पोटुशी आहे. काल ती गोदीबरोबर पडवीत बसली होती.

"माझ्या वेळंला काय गं आय?" तिने विचारले.

गोदी म्हणाली, "विळा घासून ठेव."

मित्रांनो, सुधारणा जरूर करा. पण बाईच्या अंगावरची जुनी गोधडी ओढून घेण्याआधी नवी तिच्या हातात दिली की नाही, तेवढे पाहा. मी हे कपाटातून सांगते आहे आणि इथून बाहेर काही ऐकू जात नाही. माझ्यातला साबण अजून कागदातच आहे.