धान्याच्या चवीची पावडर

डॉक्टरांनी कू बोरामला सांगितलं ते एवढंच, की रक्तगट जुळतो, यकृताचा आकारही पुरेसा आहे, पण त्यात चरबी फार आहे. तुकडा कापून वडिलांना देता येईल असं ते यकृत नाही. निदान आज तरी नाही. दोन महिन्यांत आठ किलो वजन उतरलं तर पुन्हा तपासून बघू. वडिलांना त्यापुढे थांबता येणार नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. पण पुढची तारीख लिहून देताना त्यांनी कॅलेंडरकडे दोनदा पाहिलं आणि तिला काय ते कळलं.

बोराम चौतीस वर्षांची. सामचोनपोच्या बंदरामागे एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ती गाडी शिकवायची. दिवसाचे आठ तास शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून राहायचं, एक पाय जादाच्या ब्रेकवर ठेवायचा, आणि शांत आवाजात बोलत राहायचं. वजन एक्याऐंशी किलो. वडील कू दोक-मान यांचं मासळीबाजारात हाताने कापलेल्या शेवयांचं दुकान होतं. सुक्या मांदेलीच्या पाण्यात शिजवलेल्या जाड शेवया, वर भोपळ्याच्या फोडी. आई गेल्यावर त्यांनी पोरीला वाढवलं ते याच शेवयांवर. मायेचं बोलणं त्यांना कधी जमलं नाही. ते वाडगं पुढे सरकवायचे, आणि ते रिकामं झालं की दुसरं.

दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस. पण जन्मताच आईकडून आलेली 'ब' प्रकारची कावीळ त्यांच्या रक्तात घर करून बसली होती, आणि साठी ओलांडल्यावर तिने यकृत पार निकामी करत आणलं. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, पोटात पाणी साठत होतं. दुकान आता त्यांची धाकटी बहीण, बोरामची आत्या, सांभाळत होती. बाबा वरच्या मजल्यावर पडून असायचे आणि पायांत बळ असेल त्या दिवशी खाली येऊन कणीक मळायचे. बोराम त्यांच्याजवळच राहायला आली होती.

हॉस्पिटलातून परतल्यावर तिसऱ्या दिवशी तिने जिममध्ये नाव घातलं. तिथला ट्रेनर कोवळा, उत्साही, दंडावर शिरा उठलेल्या. वजन घाईने उतरवायचंय म्हटल्यावर त्याने प्रोटीन पावडरचा मोठा डबा काढून दिला. तिन्ही वेळा हाच शेक प्या, दुसरं काही खाऊ नका, पंधरा दिवसांत फरक बघा, असं त्याचं म्हणणं. चॉकलेटची चव तिला नको होती. तिने धान्याच्या चवीची घेतली. भाजलेल्या जवाची आणि काळ्या तिळाची चव.

फरक पडला खरा. दोन आठवड्यांत साडेचार किलो उतरले. पण जिना चढताना मांड्या थरथरायच्या, आणि संध्याकाळी केस विंचरायला हात वर धरवत नसे. एके दिवशी ड्रायव्हिंग स्कूलच्या मैदानावर एका शिकाऊ मुलीने वळणावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबला. असं रोज होतं, आणि रोज बोरामचा पाय आपोआप ब्रेकवर पडतो. त्या दिवशी तो पडला, पण उशिरा. गाडी कठड्यावर चढून थांबली. कुणाला लागलं नाही. मुलगी रडायला लागली, आणि बोराम तिची समजूत घालता घालता स्वतःच्या पायाकडे परक्याचा असावा तसं पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ योम मॅडमकडे गेली. योम मॅडम पन्नाशीच्या, बोलायला रोखठोक. त्यांनी तिला अंग मोजायच्या यंत्रावर उभं केलं आणि कागद पुढे धरला. उतरलेल्या वजनात निम्म्याहून जास्त पाणी आणि स्नायू होते.

"ही पावडर म्हणजे औषध नाही हो," त्या म्हणाल्या. "दुधातलं सत्त्व काढून वाळवलेलं आहे, बस. तिने चरबी जळत नाही. पण ती प्यायल्यावर पोट भरल्यासारखं राहतं, आणि तुम्ही कमी खाताना स्नायू झिजू देत नाही. तेही त्या स्नायूंना काही काम दिलंत तर."

त्यांनी सगळं नव्याने लावून दिलं. रात्रीच्या जेवणाऐवजी एक शेक, व्यायामानंतर एक लहान. सकाळी अंडी, दुपारी मासे नाहीतर तोफू, भाज्या हव्या तितक्या, भात अर्धी वाटी. शेवया नाहीत. आठवड्यातून तीन दिवस वजनं उचलायची, रोज बंदरामागची टेकडी चढायची. आठवड्याला किलोभर उतरलं तरी पुष्कळ, घाई करू नका, असं त्यांनी बजावलं. बोरामने मनातल्या मनात आठवडे मोजले. उतरलेलं पाणी परत भरलं तरी जेमतेम पुरत होते.

पहिल्या आठवड्यात वजन उतरलं, आणि त्यातच पायांत पुन्हा बळ आलं. टेकडीवरून खाली बेटं दिसायची, आणि वरपर्यंत न थांबता पोचल्याचा तिला नाही म्हटलं तरी अभिमान वाटायचा. आयुष्यात पहिल्यांदाच ती शरीराकडून काहीतरी करून घेत होती आणि ते करत होतं.

मग काटा हलेना. एक आठवडा, दुसरा आठवडा. चौऱ्याहत्तर नव्हे, पंच्याहत्तरही नव्हे, शहात्तरावर ठाण मांडून बसला. तिने दुपारचा भात सोडला. टेकडी दोनदा चढायला लागली. रात्री शेक घेतला की तासा-दोन तासांत पोटात कावळे ओरडायचे. आधी असं होत नसे. खाली आत्या उकळत्या पाण्यात शेवया सोडायची, त्याचा वास जिन्यावरून वर यायचा, आणि बोराम उशीत तोंड खुपसून पडून राहायची. आपल्याच अंगात काही खोट आहे असं तिला वाटायला लागलं. बाबा दाराशी येऊन विचारायचे, थोडं खाऊन घेतेस का. ती नको म्हणायची आणि ते निमूट परत जायचे.

योम मॅडमनी तिची वही वाचली, चष्मा काढला, आणि एकच प्रश्न विचारला. डबा किती दिवसांत संपतो?

घरी येताना बस पुलावर होती तेव्हा तिने हिशेब मांडला. रोजचे दोन-तीन चमचे. डबा महिन्याभरात संपायला हवा. या डब्याला पाच आठवडे झाले होते. आणि आज सकाळी चमचा बुडवला तेव्हा तो पार मुठीपर्यंत पावडरीत गेला होता.

घरी आल्या आल्या तिने डबा ताटात उपडा केला. रंग तोच, वास जवळजवळ तोच. बोट लावून चाटलं. जव, तीळ, तांदूळ, सोयाबीन, आणि मागून साखर. मिसुत्गारू. उन्हाळ्यात घरोघरी दुधात कालवून पितात ते भाजलेल्या धान्यांचं पीठ. प्रोटीन पावडर त्यात चवीपुरती उरली होती.

बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. ताट बघून त्यांनी मान खाली घातली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"दोन आठवडे झाले असतील."

"मी उपाशी झोपत होते, बाबा. तुम्ही बघत होतात."

ते खुर्ची ओढून बसले. उभं राहणं त्यांना जड जात होतं. मग त्यांनी सांगितलं ते तुटक तुटक, मध्ये दम खात. तपासणीच्या दिवशी ते व्हरांड्यात बसले होते. तिथे एक पोरगा सलाइनचा खांब धरून चालत होता. पंचविशीचा असेल. बापाला यकृत दिलेला. एक हात पोटावर दाबून, ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यासारखा वाकून, एक एक पाऊल टाकत होता. चेहरा कणकेसारखा पांढरा. त्याच्या मागून त्याची आई चालत होती आणि तिला कुठे बघावं ते कळत नव्हतं.

"तुझं वजन उतरलं नसतं, तर कुणाचा दोषच नव्हता," ते म्हणाले. "डॉक्टर नाही म्हणाले असते, तू प्रयत्न केला असतास, आणि मी सुखाने गेलो असतो. नको म्हटलं असतं तर तू ऐकलं नसतंस. मग मला जे येतं ते केलं. पीठ घातलं."

बोरामच्या अंगाची आग आग झाली. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही मरायचं ठरवलंत आणि मला विचारलंसुद्धा नाही."

"तू तरी कुठे विचारलंस मला? मी देते म्हणून डॉक्टरांना पहिल्याच दिवशी परस्पर सांगून मोकळी झालीस. मी शेजारीच बसलो होतो."

ते खरंच होतं. त्या दिवशी ती त्यांच्याकडे न बघताच बोलली होती. बघितलं असतं तर तिला धीर झाला नसता, म्हणून. खाली आत्या कुणाला तरी मुळ्याचं किमची अजून हवंय का विचारत होती.

शेवटी बोराम त्यांच्या समोर येऊन बसली.

"मग आता विचारते," ती म्हणाली. "घ्याल का?"

बाबांनी ताटातलं पीठ बोटाने एका बाजूला ओढलं, पुन्हा सारखं केलं. ते लगेच हो म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, किती कापतात. ती म्हणाली, इथून इथपर्यंत, आणि सदऱ्यावरून बोट फिरवून दाखवलं. उरलेलं पुन्हा वाढतं का? वाढतं, काही महिन्यांत. तुझं काही बरंवाईट झालं तर? तिने खोटं सांगितलं नाही. क्वचित होतं म्हणाली. बाबांनी त्या रात्री उत्तर दिलंच नाही. सकाळी ती कामावर निघाली तेव्हा ते कोट घालून जिन्यात बसले होते. त्या बाईंना मला भेटायचंय, म्हणाले.

योम मॅडमच्या समोर ते दुकानातली वही उघडून बसले आणि शाळकरी मुलासारखं लिहून घेतलं. एका अंड्यात किती, तोफूच्या वडीत किती, बांगड्यात किती. पावडर घालायची की नाही? मॅडम म्हणाल्या, नाही घातली तरी चालेल, हे सगळं ताटातून देता येत असेल तर. पण दमून आलेल्या बाईला रात्री मासे भाजत बसवणार का? त्यापेक्षा पेला बरा. बाबांनी तेही लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून विचारलं, हिची ताकद जाणार नाही ना? पोटावरच्या स्नायूंना बळ असेल तर हिला उठायला लवकर जमेल, असं उत्तर मिळालं. त्यांनी पेन पुन्हा उचललं.

मासे त्यांनी स्वतःच्या हाताने भाजले, असं म्हणणं खोटं ठरेल. चार दिवस भाजले, पाचव्या दिवशी त्यांना ओट्याशी उभं राहवेना. मग आत्याने भाजले आणि ते खुर्चीवरून चुका काढत बसले. नवा डबा बोरामने स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवला. आत्याने तिला यावरून पुष्कळ छेडलं. बापावर विश्वास नाही का गं, म्हणायची. बोराम म्हणायची, बापाच्या हातावर नाही.

काटा हलला. शहात्तरावरून पंच्याहत्तर, मग एकदम थांबला, मग चौऱ्याहत्तर. तारखेला त्र्याहत्तर पूर्णांक दोन. ठरल्यापेक्षा दोनशे ग्रॅम जास्त, पण आतली चरबी डॉक्टरांना हवी होती त्याच्याही खाली आली होती, आणि त्यांनी काट्याकडे दुर्लक्ष केलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन झालं. तिचं सात तास, त्यांचं बारा. शुद्धीवर आल्यावर दुखणं तिने कल्पना केली होती त्याहून फार जास्त होतं. पहिले दोन दिवस कशाला या भानगडीत पडले असंही तिच्या मनात आलं, आणि पुढे तिने ते कधी कुणापासून लपवलं नाही. तिसऱ्या दिवशी खांब धरून उभी राहिली. चालली तेव्हा वाकूनच चालली. बाबांच्या काचेच्या खोलीपर्यंत पोचायला तिला पाचवा दिवस उजाडावा लागला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे, पोटावर दाबलेल्या. तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. डोळ्यांतला पिवळा रंग फिकट झाला होता. ती जमेल तेवढी ताठ उभी राहिली.

पुढच्या वसंतात बाबा दुकानात बसायला लागले होते, अर्धा दिवस. बोरामचं वजन तीन किलोने परत वाढलं होतं. शेक बरेचदा राहून जायचा. वजनं उचलणं मात्र तिने सोडलं नाही, कारण ते तिला आवडायला लागलं होतं.

एका सकाळी तिच्याकडे शिकायला जो आडनावाच्या बाई आल्या, बाजारात शिंपले विकणाऱ्या. गाडी सुरू करायच्या आधीच त्यांनी तिला नखशिखांत न्याहाळलं. गेल्या वर्षी तुम्ही केवढ्या होतात, त्या म्हणाल्या. ती पावडर पिऊन उतरलं म्हणे? नाव सांगून ठेवा, सुनेला हवंय.

बोराम म्हणाली, पावडरीने उतरत नाही. कमी खाल्लं की उतरतं, आणि पावडरीने कमी खाणं थोडं सोपं होतं. बाकी टेकडी आहेच.

जो बाईंना हे काही पटलं नाही. त्यांना नाव हवं होतं.

"टेकडी तर आम्हीही चढतो," त्या म्हणाल्या. "मग तुमचंच कसं उतरलं?"

"मला घाई होती," बोराम म्हणाली, आणि त्यांना आरसा नीट करायला सांगितला.